ओटीजीसोबत आलेला पिझ्झा स्टोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला, पिझ्झा स्टोन, म्हणजे पिझ्झा ज्यावर ठेवून भाजतात तो दगड, तडकल्याची माझी तक्रार बंद केली म्हणून. पाच महिने फोन करून करून थकले आणि उत्तर मिळालं एका ओळीचं: स्टोन ही ॲक्सेसरी आहे, वॉरंटीत बसत नाही. या ४२ लिटरच्या ओटीजीबद्दल (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) लिहायचं कधीचं राहिलं होतं, आता लिहितेच.

वॅट, लिटर, पंखा वगैरे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. केक, नानकटाई, भाजलेले दाणे, सगळं छान होतं. पण मी ओव्हन घेतला पिझ्झ्यासाठी, आणि त्यातही हेच मॉडेल घेतलं ते स्टोनसाठी. बिनस्टोनचं मॉडेल चौदाशे रुपयांनी स्वस्त होतं. म्हणजे त्या दगडाचे मी चौदाशे मोजले आहेत, आणि ते अजून मला टोचतात.

दिवाळीत घेतल्यावर पहिले दोन महिने मात्र मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होते. तेव्हा डोक्यात फक्त इटलीतल्या नेपल्सचा पिझ्झा होता. तिथल्या पिझ्झेवाल्यांची संघटना १९८४ साली स्थापन झाली. तिच्या नियमांत लाकडाची भट्टी आहे, भट्टीचा तळ ४०० अंशांच्या आसपास तापलेला, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. आपला ओटीजी २५० वर थांबतो. तेच साधं पीठ, मैदा-पाणी-मीठ-यीस्टचं, इथं दहा मिनिटं भाजावं लागतं. तेवढ्या वेळात आतलं पाणी उडून जातं आणि कडा खारीसारखी कडक होते. हा दोष ओव्हनचा नाही, माझ्या हट्टाचा होता, हे कबूल करते.

स्टोनचा दोष वेगळा. तो तापायला ४० मिनिटं लागतात. पहिला पिझ्झा बरा निघतो, पण तोवर दगडाची वरची धग गेलेली असते आणि दुसऱ्याचा तळ पांढराच राहतो. पुन्हा पंधरा मिनिटं थांबायचं. आमचं पाच माणसांचं घर, तीन पिझ्झ्यांना दीड-दोन तास. २००० वॅटचा ओव्हन सलग चालला तर तासाला २ युनिट खातो. सासूबाई एकदा बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, “अगं, तवा असा गारठला तर भाकऱ्या कधी व्हायच्या?” तेव्हा मला राग आला होता.

फेब्रुवारीत पिझ्झा आत सरकवताना चमचाभर सॉस दगडावर सांडला. टक् असा आवाज आला आणि सरळ दोन तुकडे. सर्व्हिस सेंटरमधून बघायला आलेला मुलगा दारातूनच म्हणाला, “मॅडम, तुम्ही धुतला असणार.” मी कधीच धुतला नव्हता, गार झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसत होते फक्त. तापलेल्या दगडावर गार ओल पडली की तेवढाच भाग एकदम आकसतो आणि दगड तडकतो, हे मला मान्य आहे. पण पिझ्झ्यासाठी म्हणून विकलेल्या दगडावर सॉस सांडणारच नाही, असं कसं धरून चालता? पुस्तिकेत याबद्दल एक शब्द नाही. नवा स्टोन अठराशेला, कुरियर वेगळं.

ते पैसे मी दिले नाहीत. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या भागात गेले. सहा एमएमची लोखंडी प्लेट, ३० बाय ३० सेंटिमीटर, कडा ग्राइंडरनं घासून. वर्कशॉपवाल्यांनी विचारलं, “ताई, भाकरीला काय?” पिझ्झ्याला म्हटल्यावर त्यांनी कोपरेही गोल करून दिले. वजन सव्वाचार किलो, कटिंगसकट साडेचारशे रुपये. प्लेटवर कारखान्यातूनच निळसर काळा थर येतो. तो रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासून काढला, मग बिडाच्या तव्यासारखं तेल चोळून तीनदा तापवली.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. लोखंडातून उष्णता दगडापेक्षा कितीतरी पट वेगानं वाहते, त्यामुळे त्याच २५० अंशांवर तळ साडेसहा मिनिटांत तांबूस होतो, त्यावर काळे ठिपके येतात, आणि पाचच मिनिटांत प्लेट दुसऱ्यासाठी तयार. सासूबाईंचं म्हणणं तव्यापुरतंच नाही, पिझ्झ्यालाही लागू होतं.

पीठही बदललं. न्यू यॉर्ककडच्या पद्धतीनं तेल आणि थोडी साखर घालते. तेलानं जास्त वेळ भाजूनही मऊ राहतं, साखरेनं रंग चढतो. ५०० ग्रॅम मैदा, ३१० पाणी, १० मीठ, १० तेल, १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २४ तास फ्रीजमध्ये. यात तीन पिझ्झे होतात. आधी १० ग्रॅम साखरही होती, पण ती स्टोनसाठी ठीक. प्लेटवर तळ करपला, म्हणून आता अर्धा चमचाच.

चीजचा एक प्रयोग फसला. मोझरेला मुळात म्हशीच्या दुधाचं, आणि म्हशीचं दूध म्हटलं की आपली गंगावेश, कोल्हापूरचा दूधकट्टा. रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारं विरजण) मागवून घरी केलं. चव अप्रतिम, नुसतं खायला द्यावं असं. पण पिझ्झ्यावर इतकं पाणी सुटलं की मधला भाग लगदा झाला. दीड मिनिटाच्या भट्टीत जे जमतं ते सहा-सात मिनिटांत जमत नाही. आता बाजारातलं ब्लॉकचंच किसून घालते.

ज्यांना प्लेटचाही खटाटोप नको त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा करावा. १९४६ साली तिथं तो सुरू झाला तो मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायला वापरायच्या त्या जाड लोखंडी ट्रेमध्ये. मला ही गोष्ट फार आवडते, उद्यमनगरच्या गावाला ती परकी वाटूच नये. केकच्या चौकोनी डब्यात तेल लावून पीठ पसरा, चीज अगदी कडेपर्यंत न्या. कडेचं चीज डब्याला चिकटून कुरकुरीत होतं आणि माझा मुलगा तेवढ्या कडांसाठी भांडतो.

म्हणून माझं मत बदललं आहे: ओव्हन जरूर घ्या, पण बिनस्टोनचा घ्या. प्लेट करून घेताना आतलं माप मोजा आणि चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडा, नाहीतर खालची गरम हवा वर येत नाही. जाळीही तपासा. माझी प्लेटच्या वजनानं महिनाभरात मधे झुकली, आता दोन जाळ्या एकावर एक ठेवते.