तालुक्याच्या दवाखान्यासाठी आधी काय: गुगल मॅपवरची नोंद की वेबसाइट?

दारव्हा, वरुड अशा गावी दवाखाना असेल, तर आधी गुगलची बिझनेस प्रोफाइल, म्हणजे मॅपवरची दवाखान्याची नोंद, करा. ती फुकट आहे, आणि खेड्यातून एसटीने येणारा माणूस मॅपवर दिसलेल्या नंबरवरच सरळ फोन लावतो. पण नोंद करून विसरू नका. मॅपवर जागा दाखवणारी खूण, म्हणजे पिन, बरेचदा मुख्य चौकात पडते, दवाखाना असतो मागच्या गल्लीत. मग तापलेलं लेकरू कडेवर घेऊन बाई भर उन्हात विचारत फिरते. सॅटेलाइट दृश्य उघडून पिन बरोबर आपल्या छपरावर आणा. पोळ्याला बंद राहणार असाल, तर सुट्टीची वेळ आधीच भरा.

वेबसाइटला खर्च आहे. डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, पैसे वेळेत भरले नाहीत, की साइट बंद पडते. तरी प्रोफाइलमध्ये मावत नाही ते तिथे नीट सांगता येतं: सोनोग्राफी कोणत्या वारी, पोटाच्या तपासणीला किती तास उपाशी राहायचं, सोबत कोणते जुने रिपोर्ट आणायचे. हे मराठीत आणि ठळक लिहा. ४ एमबीचे फोटो कमी रेंजमध्ये उघडतच नाहीत. प्रत्येक फोटो १५० केबीच्या आत ठेवा. फोन नंबर चित्रात छापू नका, बोट लावताच कॉल लागला पाहिजे.

‘शुगर कायमची बरी’ असं दोन्हीकडे लिहू नका. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत मधुमेह येतो.

हाताशी पैसे कमी असतील, तर पहिले सहा महिने प्रोफाइलच नीट सांभाळा.