कारो-कानसाठी पुस्तक: चालींचं की डावांचं?

बुद्धिबळात पांढऱ्याच्या पहिल्या ई४ चालीला सी६ हे उत्तर, म्हणजे कारो-कान बचाव, खेळायचं ठरलं की दोन जातींची पुस्तकं समोर येतात. एक रेपर्टॉयरचं: पांढऱ्याच्या प्रत्येक चालीला एक उत्तर, फांद्या-उपफांद्यांत मांडलेलं. दुसरं पूर्ण डाव घेऊन ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, समजावणारं.

उद्या पणजीला स्पर्धा आहे आणि ३.ई५ चं उत्तर आठवत नाही, तर पहिलंच उपयोगाचं. डावांच्या पुस्तकात तेवढ्यासाठी अर्धा तास जातो. शिवाय त्यात एखादा प्रकार सुटलेलाही असतो.

तरी रेपर्टॉयरची एक गोष्ट मला सलते, ती म्हणजे चालींचा क्रम. पहिल्या प्रकरणात आपण मुख्य लाइन, म्हणजे चालींची नेहमीची साखळी, घोकतो (× म्हणजे मारणं): २.डी४ डी५ ३.घोडा सी३ डी×ई४ ४.घोडा×ई४ उंट एफ५ ५.घोडा जी३ उंट जी६ ६.एच४ एच६ ७.घोडा एफ३ घोडा डी७. आपल्या तालुक्यांतल्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांत मात्र पुष्कळ मुलं डी४ न खेळता २.घोडा सी३ डी५ ३.घोडा एफ३ खेळतात. हात सवयीने तसाच चालतो: डी×ई४, उंट एफ५, उंट जी६, एच६. पण इथे एफ३चा घोडा आधीच बाहेर आहे. त्यामुळे काळ्याचा घोडा डी७ वर येण्याआधीच ७.घोडा ई५ होतं. मग (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) ७...उंट एच७ ८.वजीर एच५ जी६ ९.उंट सी४! वजीर मारला तर उंट×एफ७ मात. ९...ई६ १०.वजीर ई२ नंतर साधी वाटणारी १०...घोडा एफ६ केली, तर ११.घोडा×एफ७ राजा×एफ७ १२.वजीर×ई६ शह, राजा जी७ १३.वजीर एफ७ मात.

उपाय सोपा आहे, ३...उंट जी४. पण तो बहुधा शेवटच्या प्रकरणात असतो, आणि पहिल्यात ‘हा क्रम बदलला तर थांबा’ असं लिहिलेलं क्वचितच दिसतं. डावांच्या पुस्तकात घोडा डी७ वर का जातो ते आधी कळतं, म्हणून ई५ चा धोका पटावर दिसतो.

दोन हजार रेटिंगच्या (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) वर कदाचित हिशेब बदलेल. त्याखाली मी डावांचंच सुचवेन. विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: पटाच्या आकृत्या काळ्याच्या बाजूने आहेत का, आणि दर पाच-सहा चालींना एक तरी आहे का. असतील तर मडगावच्या बसमध्येही पटाशिवाय वाचता येतं. रेपर्टॉयर हवंच असेल, तर दोन घोड्यांचं (२.घोडा सी३, ३.घोडा एफ३) प्रकरण सर्वांत आधी वाचा.