क्रोकसचे कंद : माल चोख, पत्रक चुकीचे

गेल्या ऑक्टोबरात मी दापोलीजवळच्या घरी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून क्रोकस या थंड हवेतल्या फुलझाडाचे 10 कंद 650 रुपयांना मागवले. मालाबद्दल तक्रार नाही. प्रत्येक कंद घट्ट, बुरशी नसलेला आणि दोऱ्याने मोजल्यास 7 ते 8 सेंटिमीटर घेराचा होता. तक्रार आहे ती सोबतच्या पत्रकाबद्दल. 'भारतात कुठेही नोव्हेंबरात जमिनीत लावावेत' असे त्यात छापले होते, आणि कोकणापुरते तरी हे साफ चुकीचे आहे.

युरोपात हे फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ वितळत असतानाच उमलते. कळी कंदात उन्हाळ्यातच तयार झालेली असते, परंतु ती नीट वर येण्यासाठी कंदाला सुमारे 12 ते 15 आठवडे कडक थंडी मिळावी लागते, आणि आमच्या जांभ्याच्या जमिनीत ती पौष-माघातही मिळत नाही. म्हणून 4 कंद पत्रकाप्रमाणे मागीलदारी लावले आणि उरलेले 6 कागदी पिशवीत घालून 12 आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. त्या काळात फ्रिजमध्ये केळी-चिकू ठेवायचे नाहीत, असे घरात बजावून सांगावे लागले, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी करपते.

मागीलदारच्या चारांना नुसती पाती आली. फ्रिजमधले सहा जानेवारीत वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून मातीच्या कुंडीत, पडवीच्या पूर्वेच्या कडेला लावले. त्यांतल्या चारांना फुले आली. जांभळी, आत केशरी तुरा असलेली ती फुले सकाळच्या उन्हात उघडत आणि ढग आले की मिटत. प्रत्येक फूल तीनच दिवस टिकले. (तुरा पाहून शेजारच्या काकूंनी केशराची चौकशी केली; पण केशराचा क्रोकस निराळा, तो शरदात फुलतो.)

मार्चच्या उष्म्यात पाती लवकर पिवळी पडली. दरवर्षी जुना कंद झिजतो आणि त्याच्यावर नवा धरतो, पण त्याला पोसणारी पातीच गेल्यामुळे कुंडी उपसल्यावर हाती आलेले नवे कंद जेमतेम शेंगदाण्याएवढे होते. म्हणजे येथे हा एका हंगामाचाच खेळ आहे. पानांआधी जमिनीतून वर येणारे फूलच हवे असेल, तर आपला भुईचाफा फ्रिजशिवाय दर उन्हाळ्यात फुलतो, आणि त्याला सुगंधही आहे.

विक्रेत्याला हे सारे कळवले, तेव्हा 'पाणी जास्त झाले असेल' एवढेच उत्तर आले. कंदांना पाचपैकी चार तारे देतो. पत्रकाला एकही नाही.