डेमोची करवत वेगळी, खोक्यातली वेगळी

"काका, नुसती ओढून बघा," म्हणत त्यानं करवत माझ्या हातात दिली. छत्रपती संभाजीनगरला हत्यारांचं प्रदर्शन होतं, तिथला स्टॉल. करवत जपानी पद्धतीची, पाठीवर पट्टी असलेली दोझुकी. ही ढकलताना नाही, ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते 0.3 मिलिमीटरइतकं पातळ चालतं आणि काप अगदी बारीक पडतो. मी उदगीरला सागवानी देव्हारे करतो. खणांच्या डव्हटेल सांध्याला, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवून केलेल्या जोडाला, हेच हवं होतं. 2,400 रुपये मोजले.

हातात आलं ते बंद खोकं. उघडू लागलो तर म्हणाला, "तेल पुसलं की गंज धरते, घरीच उघडा." चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. मी ती खिशात घातली.

घरी पहिलाच काप रेघ सोडून गेला. दाते दोन्हीकडं इतके फाकवलेले की काप मिलिमीटरभर रुंद, आणि मागच्या बाजूनं सागवानाच्या चिपा उडालेल्या. अशा करवतीच्या दात्यांच्या टोकांना कडक पाणी दिलेलं असतं, तिथं निळसर झाक दिसते. याही दात्यांवर निळा पट्टा होता. थिनरचा बोळा फिरवला, निळा रंग बोळ्यावर आला! मग तिकोनी कानस लावली. कडक दात्यावरून कानस घसरते. हिनं दाता सरळ खाल्ला. इंचाला दाते मोजले तर 13. स्टॉलवर ओढून पाहिली तिला 20 च्या वर होते, हे मी खात्रीनं सांगतो.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर विकणारा कोण, हे तरी सांगता यायला हवं. माझ्याकडं ती चिठ्ठी.

भावांनो, खोकं समोर उघडून घ्या आणि त्याच नगाचा काप आपल्या लाकडावर घ्या. पाइनच्या मऊ लाकडावर कुठलीही करवत चालते, घरचा सागवानाचा तुकडा सोबत न्या. मुठीजवळच्या शेवटच्या दात्याला कानस लावू देतो का, विचारा. आणि सुटं पातं मिळतं का, तेही विचारा, कारण कडक दाते कानशीनं धार लावून घेत नाहीत, पातंच बदलावं लागतं. मी हे विचारलं असतं तर तो तिथंच अडकला असता.

पाडव्याला द्यायचा देव्हारा वडिलांच्या जुन्या करवतीनं पुरा केला. एक खण नव्यानं करावा लागला.