अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.ला अर्ज करायचा म्हणजे पाच-सहा दुकानं फिरून सामान गोळा करण्यासारखं आहे. जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा), इंग्रजीची परीक्षा, आपल्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा), काही ठिकाणी डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन, तिकडच्या विद्यापीठाचं पोर्टल आणि इथली कन्सल्टन्सी. प्रत्येक ठिकाणी पैसे लागतात आणि प्रत्येक जण आपलाच माल सगळ्यात महत्त्वाचा असल्याचं सांगतो. हा आढावा फक्त राज्यशास्त्राच्या अर्जदारासाठी आहे. इंजिनिअरिंगच्या एमएसला जे लागू पडतं त्यातलं निम्मं इथे चालत नाही.

पहिला निर्णय पीएच.डी. की एम.ए. हा. चांगल्या विभागांत पीएच.डी.ला साधारण पाच वर्षांची फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवण्यात मदत करावी लागते. एम.ए. मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून करावं लागतं. थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, पण तीन वर्षांच्या बी.ए.ला सगळीच विद्यापीठं पुरेशी पदवी मानत नाहीत. इथलं दोन वर्षांचं एम.ए. झालेलं असेल तर तो प्रश्न सहसा सुटतो. २०२५पासून काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आहेत, तर काही विभागांनी एखाद्या वर्षापुरते प्रवेशच थांबवले आहेत. त्यामुळे फी भरण्याआधी विभागाच्या पानावर यंदाचे प्रवेश चालू आहेत ना, हे बघून घ्यावं.

जीआरई: पाचापैकी तीन

सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली, आणि हा बदल खरोखर चांगला आहे. आता एकच निबंध (३० मिनिटं), व्हर्बलचे, म्हणजे भाषेचे, दोन भाग (१२ प्रश्न १८ मिनिटांत, १५ प्रश्न २३ मिनिटांत) आणि क्वांटचे, म्हणजे गणिताचे, दोन भाग (१२ प्रश्न २१ मिनिटांत, १५ प्रश्न २६ मिनिटांत) असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या भागात घाई करून सोपे प्रश्न चुकवणं महागात पडतं.

राज्यशास्त्राची वेगळी विषय-परीक्षा नाही, तेव्हा तिच्या नावाने कोणी काही विकत असेल तर घेऊ नये. तयारीसाठी ईटीएसच्या (जीआरई घेणाऱ्या संस्थेच्या) मोफत पॉवरप्रेप सराव चाचण्या आधी संपवाव्यात. निबंधाच्या विषयांची अख्खी यादी ईटीएसनेच संकेतस्थळावर ठेवली आहे. त्यातले आठ-दहा विषय घड्याळ लावून टाइप केले की त्या भागाची तयारी झाली.

आर्ट्सची मुलं बहुधा व्हर्बलवर जीव टाकतात आणि क्वांट सोडून देतात. खरं तर उलटं करायला हवं. तिकडे पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि रिग्रेशन शिकावं लागतं, आणि आपल्या बी.ए., एम.ए.च्या गुणपत्रिकेवर गणिताचा मागमूसही नसतो. त्यामुळे हा गडी आकड्यांना घाबरणारा नाही, हे क्वांटचा आकडाच सांगतो. प्रत्येक विभागाच्या पानावर परीक्षा सक्तीची, ऐच्छिक की अजिबात न बघितली जाणारी, हे लिहिलेलं असतं. ते दरवर्षी बदलतं, म्हणून गेल्या वर्षीच्या सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नये. ऐच्छिक असेल आणि क्वांट १७०पैकी १६०च्या पुढे असेल तर गुण जरूर पाठवावेत. त्यापेक्षा बरेच कमी असतील तर तोच वेळ संख्याशास्त्राच्या किंवा ‘आर’ प्रोग्रॅमिंगच्या एखाद्या कोर्सला द्यावा आणि त्याचा उल्लेख अर्जात करावा. राजकीय सिद्धान्ताकडे जाणाऱ्यांना क्वांटची एवढी चिंता नको.

घरून देण्याची सोय आहे, पण शक्य असेल तर केंद्रावरच द्यावी. घरी साधा कागद चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरातला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. हेडफोन चालत नाही, खोलीत कोणी डोकावलं तरी परीक्षा रद्द होऊ शकते. वीज आणि नेट यांचा भरवसा नसलेल्या गावात हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल थोडक्यात: पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर बरीच विद्यापीठं सूट देतात. कॉलेजच्या लेटरहेडवर माध्यमाचं प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावं. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्यांना सहसा टोफेल किंवा आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागते. जानेवारी २०२६पासून टोफेलची गुणश्रेणी १ ते ६ अशी झाली आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शनातले १२०पैकीचे आकडे वाचताना सावध राहावं.

ट्रान्सक्रिप्ट, नाव आणि डब्ल्यूईएस

मराठी नावांची खरी अडचण इथे येते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव अशी चार नावं एका ओळीत असतात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. अमेरिकी पोर्टलला गुणपत्रिकेवरून नाव भरलं की शेवटचा शब्द, म्हणजे आईचं नाव, आडनाव म्हणून बसतं. मग ईटीएसकडून आलेले गुण अर्जाला जुळत नाहीत आणि चेकलिस्टवर ‘गुण मिळाले नाहीत’ हेच दिसत राहतं. उपाय साधा आहे: ईटीएसचं खातं, पोर्टल आणि फीची पावती या सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने. गुणपत्रिकेवरचं नाव ‘इतर नावं’ या रकान्यात टाकावं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर माहेरचं नावही तिथेच, आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र स्कॅन करून जवळ ठेवावं.

अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी स्कॅन केलेली प्रत चालते. सीलबंद अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका क्रमाने एकाच पीडीएफमध्ये, सरळ आणि वाचता येतील अशा हव्यात. मागची बाजू स्कॅन करायला बरेच जण विसरतात, आणि श्रेणींचा तक्ता बऱ्याचदा तिथेच असतो. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते हे तिकडच्या प्राध्यापकाला ठाऊक असेलच असं नाही. तो तक्ता नसेल तर ६४ टक्के त्याला जेमतेम पास झाल्यासारखे दिसतात. गुण स्वतः अमेरिकेतल्या चारच्या स्केलवर (जीपीए) बदलू नयेत. पोर्टल विचारेल तिथे मूळ स्केल निवडून मूळ आकडाच भरावा.

डब्ल्यूईएसचं मूल्यांकन राज्यशास्त्राच्या बहुतेक पीएच.डी. अर्जांना लागत नाही. सेवा म्हणून ती वाईट नाही, पण विद्यापीठाने नाव घेऊन मागितलं नसेल तर हा खर्च थेट वगळावा. ‘असू द्यावं’ म्हणून केलेला हा खर्च सगळ्यात वाया जाणारा.

पोर्टल आणि शिफारसपत्रं: पाचापैकी साडेतीन

बरीच विद्यापीठं ‘स्लेट’ नावाची एकच प्रणाली वापरतात, त्यामुळे पहिला अर्ज भरला की पुढचे भराभर होतात. अडतं ते विषयाच्या यादीत. हार्वर्ड, कॉर्नेल आणि जॉर्जटाउनमध्ये विभागाचं नाव ‘गव्हर्न्मेंट’ आहे, प्रिन्स्टन आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ‘पॉलिटिक्स’. ‘पॉलिटिकल सायन्स’ शोधून सापडलं नाही म्हणून चुकून धोरण-अभ्यासाच्या एम.ए.ला अर्ज जाऊ शकतो. पुढे उपशाखा विचारतात. भारताच्या राजकारणावर काम करायचं तर बहुतेकदा ‘कंपॅरेटिव्ह पॉलिटिक्स’ (तौलनिक राजकारण) निवडावं लागतं.

शिफारसपत्रं तीन लागतात. शिक्षकाचा ई-मेल भरला की पोर्टल त्यांना लिंक पाठवतं. ती लिंक स्पॅममध्ये जाते, हा जवळजवळ नियम समजावा. पत्र वाचण्याचा हक्क सोडायचा का, असा प्रश्न येतो. तिथे ‘सोडतो’ असंच म्हणावं, नाही तर पत्राला वजन राहत नाही.

खरी पडझड पत्राच्या मजकुरात होते. ‘विद्यार्थिनी नम्र, नियमित आणि कष्टाळू आहे’ हे आपल्याकडे मनापासूनचं कौतुक असतं, पण तिकडच्या समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना हवं असतं ते असं: हिने प्रबंधासाठी दोन तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या निकालांची यादी स्वतः तयार केली, त्यात अमुक चूक पकडली, आणि गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांत ती पहिल्या दोघांत बसते. असं पत्र हवं असेल तर सप्टेंबरातच सरांना किंवा मॅडमना भेटावं. प्रबंधाचं प्रकरण, उद्देशपत्राचा (काय आणि का शिकायचं आहे हे सांगणाऱ्या निवेदनाचा) मसुदा, विद्यापीठांची यादी तारखांसह आणि आपण त्यांच्याकडे केलेल्या कामाचे पाच-सहा मुद्दे द्यावेत. प्राचार्यांच्या पदापेक्षा प्रबंध वाचलेल्या शिक्षकाचं पत्र कितीतरी मोलाचं. ‘पत्र तूच लिहून आण’ असं उत्तर आलं तर नम्रपणे मुद्द्यांचा कागद पुढे करावा. तीन पत्रं एकाच हाताची असली की वाचणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येतात.

कन्सल्टन्सी: पाचापैकी एक

इथे स्पष्टच लिहायला हवं. शहरोशहरीची ही दुकानं एमएस आणि एमबीएच्या अर्जांवर उभी आहेत. ती रँकिंग बघून विद्यापीठं निवडतात. राज्यशास्त्राच्या पीएच.डी.त आपला प्रश्न हाताळणारे दोन-तीन प्राध्यापक तिथे आहेत का, हे आधी बघायचं असतं. भारतावर काम करायचं तर ब्राऊनमध्ये आशुतोष वार्ष्णेय, येलमध्ये स्टीव्हन विल्किन्सन, न्यूयॉर्क विद्यापीठात कांचन चंद्र, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भारताच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र, अशी यादी स्वतः बसून करावी लागते. ते काम पॅकेजमध्ये मिळत नाही. कन्सल्टन्सीने लिहून दिलेलं उद्देशपत्र तर साचातून काढलेलं असतं. व्हिसाचा अर्ज भरताना मदत हवी असेल तेवढ्यापुरतं जावं.

जिथे वेळ घालायचा

निर्णय मुख्यतः उद्देशपत्र, लेखनाचा नमुना आणि पत्रांवर होतो, आणि यातली एकही गोष्ट विकत मिळत नाही. उद्देशपत्राची सुरुवात ‘लहानपणापासून मला राजकारणाची आवड होती’ अशी झाली की पहिला परिच्छेद फुकट गेला. त्याऐवजी प्रश्नाने सुरुवात करावी. एक नमुना बघा. विस्कॉन्सिन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी २००९मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभागांवर संशोधन प्रसिद्ध केलं. आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावर तिथे महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट असल्याचं त्यांना दिसलं. आता अर्जदाराने विचारावं: ग्रामपंचायतीत, जिथे उमेदवाराला पक्षाचं चिन्ह नसतं आणि भावकी मोठी असते, तिथेही असंच होतं का? नसेल तर का नाही? त्यानंतर आपण कोणती आकडेवारी वापरणार, कोणत्या भागात फिरणार आणि या विभागातल्या कोणाकडून काय शिकायचं आहे, हे दोन पानांत मांडावं. मराठी येणं हे इथे खरं भांडवल आहे. गावातल्या मुलाखती दुभाष्याविना घेता येतात, हे एका वाक्यात नक्की लिहावं.

लेखनाचा नमुना साधारण २० ते ३० पानांचा मागतात. ऐंशी पानांचा प्रबंध जसाच्या तसा जोडू नये. सगळ्यात भक्कम प्रकरण निवडावं आणि वर अर्ध्या पानाची टीप लिहावी: हे कशाचा भाग आहे, आधी काय येऊन गेलं. मराठी अवतरणं असतील तर मूळ वाक्य आणि खाली स्वतःचं इंग्रजी भाषांतर द्यावं. साहित्याचा आढावा दहा पानं आणि स्वतःचा शोध तीन पानं, ही आपल्या प्रबंधांची जुनी खोड इथे उलटी करावी लागते. आकडेवारीसाठी अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचं ‘लोकढाबा’ मोफत आहे, त्यावर लोकसभा आणि विधानसभेचे निकाल मतदारसंघनिहाय मिळतात. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे जावं लागतं.

शेवटची रात्र

बऱ्याच तारखा १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात. पूर्व किनाऱ्यावरची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, आणि कॅलिफोर्नियाची दुपारी १:२९. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज म्हणजे हजार डॉलरच्या आसपास. फीमाफीचा अर्ज काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला असतो, पण तो सहसा तारखेच्या बराच आधी करावा लागतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये बंदच असतात. ते दोन दिवस आधी चालू करून मर्यादा वाढवून ठेवावी, नाही तर फी अडकते आणि फी भरल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही. दाखल केल्यावर पोर्टलची चेकलिस्ट आठवड्यातून दोनदा बघावी. आर्थिक मदतीसह प्रवेशाचा देकार आला की उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी घाईने होकार द्यायला कोणी सांगत असेल तर विभागाच्या समन्वयकांना थेट लिहून विचारावं.