अर्ज त्रुटीत होता, त्यानं ‘नामंजूर’ सांगितला

माझी मोठी बहीण विधवा आहे. दोन लेकरं आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा 1500 रुपये मिळतात, त्यासाठी तिनं अर्ज केला होता. तुमचा अर्ज नामंजूर झालाय, आता वर अपील करावं लागेल, असं सांगून तहसीलच्या गेटबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका माणसानं आमच्याकडून 9,500 रुपये उकळले. अर्ज नामंजूर झालेलाच नव्हता. माणसाचं आणि तालुक्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांत आहे. पण झालं कसं ते पूर्ण लिहितो.

दाजी सुरतला लूमवर होते. आमच्या खान्देशातल्या घरटी एखादा माणूस उधना-लिंबायतला असतोच, तसे तेही होते. ताईसुद्धा मधे दोनेक वर्षं तिकडे राहिली, आणि तेव्हा गॅस जोडणीसाठी तिच्या आधारवर सुरतचा पत्ता चढवला. नंतर ती लेकरं घेऊन गावी परतली, पत्ता मात्र तसाच राहिला. ही एवढीशी गोष्ट पुढे किती महाग पडली ते येईलच. 2024 च्या सुरुवातीला दाजी काविळीनं गेले. मृत्यूचा दाखला सुरत महापालिकेचा. त्यावर त्यांचं नाव एक आणि आमच्याकडच्या रेशनकार्डावर वेगळं, म्हणजे वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट.

दिवाळीनंतर ताईनं सेतूतून अर्ज भरला. वय 65 च्या आत, विधवा, वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, अशा अटी आहेत. ती सगळ्यांत बसत होती. मी स्वतः सुरतला मिलमध्ये कामाला, त्यामुळे ती एकटीच एसटीनं तालुक्याला जायची. एक खेप म्हणजे कापूस वेचणीचा एक रोज बुडाला.

फेब्रुवारीत ती चौकशीला गेली. आत खिडकीवर गर्दी होती. बाहेर लिंबाच्या झाडाखाली तो बसलेला. टेबल, प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, जाड वही. लोक त्याला भाऊ म्हणतात. त्यानं हिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, नाव विचारलं, मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, “ताई, तुझी फाइल नामंजूर झाली. पण घाबरू नको. 30 दिवसांत अपील टाकलं तर काम व्हई जाई.”

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळी फसवणूक यातच आहे. 30 दिवसांत अपील ही गोष्ट खोटी नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये लागू झाला. त्यात अधिसूचित केलेल्या सेवा आहेत, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला वगैरे. त्या मुदतीत मिळाल्या नाहीत किंवा नाकारल्या गेल्या तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. त्यानं हा खरा आकडा उचलला आणि खोट्या ‘नामंजूर’ला चिकटवला. ताईनं घरी येऊन रेशन दुकानदाराला विचारलं. तोही म्हणाला, हो, अपिलाला 30 दिवस असतात. झालं, तिचा विश्वास पक्का बसला. आणि मुदत संपेल या भीतीनं तिनं माझी वाटही पाहिली नाही.

पैशाचा हिशोब असा. प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पपेपरचे 500. अपिलाची ‘फी’ 3,000. ‘वरच्या साहेबांचे’ 4,000. हे साडेसात हजार मी सुरतहून फोनवरून पाठवले. स्क्रीनवर जे नाव आलं ते त्याचं नव्हतं, कुण्या बाईचं होतं. मला खटकलं होतं. तरी मी पाठवले, कारण ताई फोनवर रडत होती आणि माझी शिफ्ट सुरू व्हायची होती. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, नामंजूर झाल्याचा कागद कुठंय? मी तो विचारला नाही, आणि हे मला आजही लागतं.

वरचे 2,000 तिनं रोख दिले, मला न सांगता. कुटुंबातला कमावता माणूस गेला की सरकार एकरकमी 20,000 देतं, तेही मिळवून देतो, असं तो म्हणाला. योजना खरी आहे, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. पण कमावत्या माणसाचं वय 18 ते 59 असावं लागतं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. ताईचं घर त्या यादीत नाही. ग्रामपंचायतीत पाच मिनिटांत कळलं असतं.

ताई त्या हंगामात किलोला 10 रुपयांनी कापूस वेचत होती. साडेनऊ हजार म्हणजे साडेनऊशे किलो. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या असतात.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं तिला पत्र दिलं. ‘अपील मंजूर’. लॅमिनेशन करून. पैसे दोन महिन्यांत खात्यावर येतील म्हणाला. दाजींच्या मृत्यूचा मूळ दाखला मात्र अपिलाच्या फाइलला लावलाय म्हणून स्वतःकडेच ठेवून घेतला.

30 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला मी गावी आलो, ताईला घेऊन आलो. आमरस झाला, पोरी झोक्यावर होत्या, आणि ताईनं आनंदानं पिशवीतून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. मी दोनदा वाचलं. वर योजनेचं नाव ‘संजय गांधी निराधार पेन्शन योजना’ असं होतं. खरं नाव ‘अनुदान योजना’ आहे. रक्कम दरमहा 2,000 लिहिलेली. 2023 पासून ती 1500 आहे. जावक क्रमांकाच्या जागी नुसतं ‘/2025’. आणि कोपऱ्यात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. लॅमिनेशनवरून नीट दिसेना म्हणून मी कडेनं ब्लेड लावून ते उघडलं आणि तिकिटावर नख फिरवलं. नख कुठंच अडलं नाही. तिकिटाला कडाच नव्हती. कागद सपाट होता. तिकिटाचा रंगीत झेरॉक्स होता तो. ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला सांगायला मला रात्र लागली.

1 मेची सुट्टी गेली आणि 2 तारखेला आम्ही दोघं तहसीलला गेलो. बाहेर कुणाशी न बोलता सरळ संजय गांधी शाखेत. तिथल्या बाईंनी अर्ज क्रमांक विचारला. सेतूची पावती ताईनं जपून ठेवली होती, हेच आमचं नशीब. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हा अर्ज नामंजूर नाही. त्रुटीत आहे. जानेवारीच्या बैठकीत त्रुटी काढली. तुम्हाला पत्र पाठवलंय ना?” जावक नोंदवही काढली, बोट फिरवत फिरवत ओळ दाखवली. पत्र गेलं होतं. सुरतच्या पत्त्यावर.

दोनच त्रुटी होत्या. अधिवासाचा दाखला जोडा, आणि दोन वेगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. बस.

बाहेर येताना वऱ्हांड्यातल्या फलकाकडे माझं लक्ष गेलं. त्या बैठकीची यादी तिथंच लावलेली, ऊन लागून पिवळी पडलेली. ताईचं नाव, समोर ‘त्रुटी’. त्याच्या टेबलापासून फलक वीस-पंचवीस पावलांवर. तो यादीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतो आणि ज्याच्या नावापुढे ‘त्रुटी’ आहे त्याला ‘नामंजूर’ सांगतो. मंजूर झालेल्याला त्याची गरज नाही आणि खरंच नामंजूर झालेल्याचं काम त्याच्याकडून होणार नाही. त्रुटीवालाच त्याचं गिऱ्हाईक. त्रुटी आणि नामंजूर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, भाऊ-बहिणींनो. त्रुटी म्हणजे एखादा कागद कमी आहे, तो आणून द्या, अर्ज जिवंत आहे. तिला अपील लागत नाही. अपील लागतं ते लेखी नकार हातात आल्यावर, आणि तेही नकाराचं कारण वाचून. कारण माहीत नसताना केलेल्या अपिलात लिहिणार तरी काय?

पुढचं काम आम्ही स्वतः केलं. प्रतिज्ञापत्राला 500 चा स्टॅम्प लागलाच नाही. ऑक्टोबर 2024 पासून 100 च्या जागी 500 चा स्टॅम्प आला हे खरं, पण सरकारी कार्यालयात दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी 2004 पासून आहे. साध्या कागदावर झालं. अधिवासाच्या दाखल्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला कामी आला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नवी प्रत काढली. पावतीवर दाखला मिळायची तारीख छापून आली होती, त्याआधीच मिळाला. मृत्यूच्या दाखल्याची दुसरी प्रत मी सुरतहून काढून आणली. सगळे कागद दिले आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतली. शिक्क्याशिवाय कागद देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो.

सोबत माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट (या वेळी खरं) लावून जानेवारीच्या बैठकीच्या इतिवृत्तातली आमच्या अर्जापुरती नोंद मागितली. 30 दिवसांच्या आत प्रत आली. पोलिसांना द्यायला तोच मोठा पुरावा झाला, कारण त्यात स्पष्ट ‘त्रुटी पूर्ततेसाठी’ असं लिहिलंय आणि त्याच्या पत्रात ‘नामंजुरीविरुद्ध अपील’ असं.

पोलिसांत अर्ज देताना आम्हाला सुरुवातीला सांगितलं गेलं, पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले. मग आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यातच तसं आहे, आणि 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. वकीलबाईंनी अर्ज नीट लिहून दिला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318, शिवाय बनावट दस्तऐवज आणि शिक्का. त्यानंतर त्याला ठाण्यात बोलावलं. त्यानं मूळ दाखला आणि 4,000 आणून दिले आणि मिटवून टाका म्हणाला. आम्ही पैसे पोचपावती देऊन घेतले, तक्रार मागे घेतली नाही. फोनवरून पाठवलेल्याची नोंद बँकेत आहे. रोख दिलेल्या 2,000 चा मात्र कुठंही पुरावा नाही, ते गेले असंच धरून चाललोय.

तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. तिथं मी तहसीलदारांसमोर उभं राहून एकच मागणी केली. त्रुटीचं पत्र आधारच्या पत्त्यावर टाकून थांबू नका, अर्जावरच्या मोबाइलवर फोन करा आणि यादी ग्रामपंचायतीतही लावा. त्यांनी ऐकून घेतलं, लिहून घेतलं.

ताईचा अर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झाला. तरी पहिला हप्ता दिसेना. तेव्हा कळलं की पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिचं आधार अजून सुरतच्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं. तिकडे जाऊन पाहिलं तर 1500 तिथं पडून होते. इथल्या बँकेत नवीन जोडणी केली, आधारचा पत्ताही बदलला. सुरतहून परतलेल्या प्रत्येकानं अर्ज करण्याआधी ही दोन कामं करून घ्यावीत. पुढच्या महिन्यात ताईचा फोन आला, “पैसा उनात रे भाऊ.” एवढंच बोलली आणि बराच वेळ गप्प राहिली. आधीच्या महिन्यांचे पैसे तिला मिळाले नाहीत. त्रुटी फेब्रुवारीतच भरली असती तर ते महिने तिचे होते.

आता हे लिहायला का बसलो ते. ठाण्यात त्याची ती जाड वही टेबलावर उघडी होती. ताईच्या नावाच्या वर आणि खाली आणखी 11 नावं मी वाचली. बहुतेक बायकांची, प्रत्येकीपुढे ‘अपील’ आणि एक रक्कम. त्यातल्या तिघींची गावं ताईच्या ओळखीतून सापडली, आम्ही जाऊन आलो. दोघींचे अर्ज त्रुटीतच होते, एकीचा तर मंजूर होऊन खातं जोडलेलं नव्हतं म्हणून अडकलेला. उरलेल्या आठ जणी कोणत्या गावच्या, ते वहीत लिहिलेलं नव्हतं. लिंबाखालचं टेबल सध्या उचललंय. तुमच्या घरात, भावकीत कुणाच्या हाती लॅमिनेशन केलेलं ‘अपील मंजूर’चं पत्र असेल, तर उद्या सकाळी सेतूची पावती घेऊन तिला सरळ आतल्या खिडकीवर न्या आणि विचारा, अर्ज नामंजूर आहे की त्रुटीत.