छोट्या होडीला आधी काय घ्यायचं, व्हीएचएफ (होड्यांनी एकमेकींशी बोलायचा रेडिओ) की डॅट (उपग्रहावरून संकटाचा सिग्नल देणारं यंत्र)? आणि लाइफ जॅकेट कुठलं?

फायबरची होडी, आउटबोर्ड मशीन, दोन-तीन खलाशी आणि केबिन नाही, अशांसाठीच हे लिहितोय, ट्रॉलरवाल्यांचं गणित वेगळं. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली म्हणून वादळं संपत नाहीत, फयान 2009 च्या नोव्हेंबरातलं आणि ओखी 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरातलं, दोन्ही ऐन सीझनमधली.

आधी जॅकेट. गॅसवर फुगणारं अंगाला हलकं, उकडत नाही, जाळी ओढताना अडचण नाही, दुकानात घालून बघितलं की हेच घ्यावंसं वाटतं. पण होडीत गळ, सुरी, माशांचे काटे, एक भोक पडलं की खेळ खलास, शिवाय सिलिंडर एकदा वापरला की नवा लावायचा आणि खाऱ्या हवेत तो गंजतो ते वेगळंच. दर सीझनला उघडून तपासणारा असेल त्यानेच ते घ्यावं. बाकी सगळ्यांनी फोमचं, फक्त पायांमधून जाणारा पट्टा आहे ना ते बघा, तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खालीच राहतो. आणि खलाश्यांना ते उशाला घेऊन झोपू देऊ नका, दबलेला फोम नीट तरंगत नाही. उकडतं हे खरं, पण वारा फिरल्यावर जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही.

आता खरा खर्चाचा प्रश्न. मोबाईल किनाऱ्याजवळ चालतो, कोस्ट गार्डचा 1554 सेव्ह करून ठेवा, पण बाहेर गेलं की टॉवर गेला. हातातला व्हीएचएफ स्वस्त पडतो, संकटात हाक मारायच्या चॅनेल 16 वर ओरडलात तर सगळ्यात जवळची होडी ऐकते आणि मदतीला बहुतेक वेळा तीच आधी पोचते. अडचण एवढीच की होडीत बसून अँटेनाला उंचीच नसते, त्यामुळे आवाज चार-पाच मैलांच्या फार पुढे जाईल असं धरू नका, मोठ्या लाटांत त्याहून कमी.

डॅटला ही भानगड नाही, बटण दाबलं की सिग्नल थेट उपग्रहावर, तिथून इस्रोच्या कंट्रोल सेंटरला आणि पुढे कोस्ट गार्डला, तुमच्या जागेसकट. जुन्या डॅटमध्ये सिग्नल पोचला की नाही ते होडीवर कळायचंच नाही, माणूस बटण दाबून नुसता वाट बघत बसायचा. इस्रोने जानेवारी 2024 मध्ये आणलेल्या नव्या डॅटवर पोच येते, वादळाचा इशाराही येऊ शकतो आणि ब्लूटूथने फोनवर वाचता येतो. ओखीच्या वेळी कितीतरी बोटी इशारा मिळायच्या आधीच समुद्रात गेल्या होत्या, म्हणून मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते.

माझं मत, आजूबाजूला कायम आपल्याच होड्या दिसत असतील तर आधी व्हीएचएफ. एकटे लांब जात असाल तर आधी डॅट, त्यात काही विचार नको. होडी उलटली तर डॅट हाताशी राहीलच असं नाही, म्हणून नाखव्याच्या जॅकेटला पीएलबी (अंगावर बाळगायचं, उपग्रहाला संकटाचा सिग्नल देणारं छोटं यंत्र) असेल तर उत्तमच, पण ते महाग आणि रजिस्टर करावं लागतं.

फ्लेअर (पेटवून इशारा द्यायची नळकांडी) की एलईडी लाइट? दोन्ही. हातातला फ्लेअर मिनिटभर जळतो, म्हणून बोट किंवा हेलिकॉप्टर दिसल्यावरच पेटवा आणि वारा जिकडे वाहून जातोय त्या बाजूला होडीबाहेर धरा, पेट्रोलच्या कॅनजवळ तर नाहीच नाही. विकत घेताना तारीख बघा, दुकानात पडून असलेले माल खपवतात.